कांद्याला वारा, वऱ्हाडाला पत्रा

मे महिन्यातलं लग्न, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. शिरूर तालुक्यातलं रस्त्याकडेचं एक मंगल कार्यालय. वर निळा पत्रा, खाली हजारेक माणसं. मंगलाष्टकं लांबत चालली तशी लोकांची नजर नवरानवरीवरून घड्याळाकडे आणि घड्याळावरून दाराकडे जायला लागली. शेवटच्या अक्षता पडल्या आणि निम्मं वऱ्हाड पंगतीकडे न जाता सरळ बाहेर लिंबाखाली. मीही निघालो. लिंबाखाली जागा उरली नव्हती, म्हणून इमारतीच्या मागच्या अंगाला गेलो. तिथं मालकाचीच कांदा चाळ होती. तिच्या सावलीला टेकलो आणि पायांना वारा लागला. चाळीच्या तळाखालच्या मोकळ्या जागेतून तो सरळ पलीकडे चालला होता.

कार्यालयाला मालकानं चाळीच्या कित्येक पट पैसा घातला असणार. तरी वारा कांद्याच्या वाट्याला आणि पत्रा वऱ्हाडाच्या. तेव्हापासून रांजणगाव, शिरूर, न्हावरा, पारगाव, केडगाव, दौंड या पट्ट्यातून जाताना मी इमारतींची छपरं बघत जातो. रस्त्यावर लक्ष ठेवा, असं गाडी चालवणारा मला बजावत असतो.

कांदा चाळीत एकही गोष्ट उगाच केलेली नसते. कांदा काढल्यावरही जिवंत असतो. तो श्वास घेतो, ऊब सोडतो, ओल सोडतो. ढीग दाट झाला की आतला माल स्वतःच्याच उबेनं आणि ओलीनं सडायला लागतो. म्हणून तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला. बाजूंना बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्या, मधे फटी. कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि थर पाच फुटांहून उंच नाही. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची, दोन पाखी पूर्व-पश्चिम. यामागचं कारण साधं आहे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी आणि पुढं पावसाळ्यातही वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. एका ओळीची चाळ त्याला आडवी उभी राहिली की वाऱ्याला चार फूट कांदा ओलांडायचा असतो, तेवढा तो ओलांडतो. दोन ओळींच्या चाळीत मधे बोळ असतो. वारा त्या बोळात शिरावा म्हणून तिचं तोंड पश्चिमेला. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला कांदा आणि लसणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. साध्या हवेशीर चाळीत तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के राहिली की कांदा चांगला टिकतो, असं हे शास्त्र सांगतं. कांद्याला किती अंश सोसतात हे आपल्याला ठाऊक आहे. वऱ्हाडाला किती सोसतात, हा प्रश्न मात्र कार्यालयाचं बुकिंग करताना कुणी विचारत नाही.

कोंबडीची बडदास्त तर याहून मोठी. कोंबडीला घाम येत नाही. उकडलं की ती चोच उघडून धापा टाकते, आणि पारा चाळिशीला टेकला की पटापट माना टाकायला लागते. म्हणून जुन्या उघड्या शेडचीसुद्धा लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे लांब बाजूंनी ऊन आत शिरत नाही. नव्या बंदिस्त शेड पाहिल्या तर हवेचं गणित उघडंच मांडलेलं दिसतं. एका टोकाला पाण्यानं भिजणारे जाळीदार पॅड, दुसऱ्या टोकाला मोठाले पंखे. पंखे हवा बाहेर ओढतात, त्यामुळं बाहेरची हवा पॅडमधून गार होऊनच आत येते आणि बोगद्यातून जावी तशी पक्ष्यांवरून वाहत जाते.

आकडे घेऊ. दोन किलोची कोंबडी साधारण सतरा-अठरा वॅट ऊब सोडते. शांत बसलेला माणूस शंभर वॅट. म्हणजे सहा हजार कोंबड्यांची शेड आणि हजार माणसांचं लग्न उष्णतेच्या वहीत जवळजवळ सारखंच. आता शेड ४० फूट रुंद आणि ८ फूट उंच धरली, तर तिचा आडवा छेद ३० चौरस मीटर होतो. सेकंदाला अडीच मीटर वारा हवा असेल तर दर सेकंदाला ७५ घनमीटर हवा हलवावी लागते. तिथले मोठे पंखे एकेक अकराएक घनमीटर ओढतात, म्हणजे सात पंखे लागले. पोल्ट्रीवाला हा हिशेब केल्याशिवाय शेड उभी करत नाही, कारण बँकेचा हप्ता पक्ष्यांच्या जिवावर असतो. मंगल कार्यालयात पंखे किती, तर छपराच्या कैच्यांना जितके अडकवता येतील तितके.

*

आता तीच वही कार्यालयासाठी उघडू. १०० फूट लांब, ६५ फूट रुंद, म्हणजे ६०० चौरस मीटर. उंची २० फूट. आत हजार माणसं: एक लाख वॅट. एवढ्यानं आपण घाबरतो, पण खरा पाहुणा वर बसलेला असतो. १३-१४ मेच्या सुमाराला पुणे-दौंडच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. नेमक्या त्याच आठवड्यांत आपले मुहूर्त. एका चौरस मीटर पत्र्यावर त्या वेळी नऊशे-हजार वॅट ऊन पडतं. पत्रा ६०-६५ अंशांपर्यंत तापतो आणि खालच्या माणसांवर तापलेल्या तव्यासारखा धग सोडतो. रंगवलेला किंवा गंजलेला पत्रा असेल तर दर चौरस मीटरला दोनशे वॅटच्या आसपास ही धग खाली येते. ६०० मीटरांचे झाले एक लाख वीस हजार वॅट. हा कागदावरचा ढोबळ अंदाज आहे, पण त्याचा अर्थ असा की हजार निमंत्रित खाली बसतात तेव्हा हजार-बाराशे बिनबोलावलेले पाहुणे छपरावरून उतरतात. त्यांना ना आहेर द्यावा लागतो ना जेवण, म्हणून कुणी मोजत नाही.

छताचा पंखा या पाहुण्यांपुढे हतबल असतो. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. आपला घाम वाळतो म्हणून गार वाटतं. पत्र्याखाली साठलेली सगळ्यांत तापलेली हवा तोच पंखा खाली ढकलतो. माणसाची कातडी ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याच्या वर गेली की वारा अंगाची ऊब नेण्याऐवजी अंगाला ऊब देऊ लागतो. कोरड्या हवेत घामाच्या जोरावर काही काळ निभतं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि भरजरी शालूतली नवरी यांचं मात्र लवकर निभेनासं होतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ माणसं गेली. ते उघडं मैदान होतं आणि समुद्राकाठची दमट हवा होती, आपला पट्टा कोरडा आहे, हे खरं. पण गर्दी आणि ऊन एकत्र आले की काय होतं, हे त्या दिवशी महाराष्ट्रानं पाहिलं.

मग हवा बाहेर काढायची कशी? याचं उत्तर केडगाव-पाटस भागातल्या गुऱ्हाळावर मिळतं. चुलाणात चिपाड पेटलेलं असतं, काहिलीत रस उकळत असतो आणि एवढ्या जाळापाशी गुळव्या तासन् तास उभा असतो. त्याला ते जमतं कारण गुऱ्हाळाची शेड चारी बाजूंनी उघडी असते. वाफेला वर वाट असते, आणि उंच धुराडं जाळाला लागणारी हवा स्वतःच ओढून घेतं. तापलेली हवा हलकी होते, वर जाते, तिच्या जागी खालून गार हवा येते. वर जायला जितकी उंची जास्त आणि आतबाहेरच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी ओढ जास्त. जाळामुळं धुराड्यात हा फरक शेकडो अंशांचा असतो. कार्यालयात तो फार तर पाच.

पाच अंशांची आणि २० फूट उंचीची ओढ फक्त एक पास्कल भरते. एक पास्कल म्हणजे एका चौरस मीटरवर शंभर ग्रॅमचा भार. बाहेरचा सेकंदाला तीन मीटरचा साधा वारा मात्र पाच पास्कलनं ढकलतो. म्हणजे आपल्याकडे पहिली भिस्त वाऱ्यावर ठेवायची आणि वारा पडला की वरच्या वाटेवर. त्या वरच्या वाटेचाही हिशेब बघा. खाली चार आणि वर चार चौरस मीटर उघडं ठेवलं तर सेकंदाला सव्वादोन घनमीटर हवा बदलते. नुसत्या श्वासापुरती ताजी हवा दर माणशी सेकंदाला आठ-दहा लिटर धरतात, म्हणजे हजारांना आठ ते दहा घनमीटर. म्हणून उघडी जागा चौपट हवी, सोळा चौरस मीटरच्या आसपास. शंभर फूट लांबीच्या आढ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड फुटाची फट ठेवली आणि पाऊस येऊ नये म्हणून वर छोटं दुसरं छप्पर घेतलं, की ते काम जवळजवळ होतं. खाली तेवढीच वाट बाजूच्या भिंतींतून द्यायची. छपरावर गरगरणारे चार-सहा व्हेंटिलेटर बसवून मोकळं होण्याची पद्धत आहे. ते फिरताना दिसतात म्हणून समाधान वाटतं, पण त्यांची तोंडं मोजा आणि सोळा चौरस मीटरशी ताडून बघा.

दिशेचा पेच खरा आहे. वारा पश्चिमेचा आणि दुपारचं तिरपं ऊनही पश्चिमेचंच. वाऱ्यासाठी पश्चिमेची भिंत उघडली तर ऊन आत येतं, उन्हासाठी बंद केली तर वारा थांबतो. पण वारा काही काटकोनातच घ्यावा लागतो असं नाही. इमारत त्याच्याशी ३० अंशांपर्यंत कलती असली तरी फारसं बिघडत नाही, अशी सूट राष्ट्रीय बांधकाम संहिताही देते. त्या सवलतीत लांब पडवी, जाळीची भिंत, पश्चिमेला चार लिंबं एवढं बसतं. रस्त्याकडे तोंड हवंच, हा आपला हट्ट मात्र कुठल्याही संहितेत बसत नाही.

*

न्हावऱ्यापासून जवळच, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी, इथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली शंभराहून जास्त घरं उजेडात आली. आधीची आयताकार, ठेंगण्या मातीच्या भिंतींची आणि गवती छपराची. शेवटच्या काळातली लहान, गोल झोपड्यांची. पुढं हवामान कोरडं होत गेलं आणि माणसं गरीब झाली, असा या बदलाचा अर्थ लावला गेला. गवताच्या छपराबद्दल फार भावुक व्हायचं कारण नाही. ते जळतं, गळतं, त्यात इंगळी असते. पण ऊन अडवायचं काम ते पत्र्यापेक्षा कितीतरी चांगलं करतं, ही गोष्ट या मातीत तीन हजार वर्षांपूर्वी रोजच्या व्यवहारातली होती.

पूर्वेकडं सरकावं तशी माळवदं दिसत. जाड मातीचं सपाट छप्पर, त्यात उजेडाला आणि धुराला एक साणं. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली झिरपायला रात्र होई, तोवर माणसं वर गच्चीत झोपायला गेलेली असत. दगडी भिंतीचंही तसंच. दीड फुटाचा दगड उष्णता आत पोचवायला आठ-दहा तास घेतो. पत्र्याला काही मिनिटं पुरतात. १८५८ मध्ये रेल्वे पुण्याच्या पुढं दौंडवरून सरकली आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा झाला. त्या काळच्या रेल्वे इमारती साहेबानं स्वतःला उकडतंय म्हणून बांधल्या होत्या: जाड दगड, उंच छत, भोवती व्हरांडा, वर दोरीनं उघडायचे झरोके. त्यावरची मंगळुरी कौलं १८६० च्या दशकात मंगळूरला बनायला लागली. ही कौलं चुन्यानं लिंपलेली नसतात, नुसती एकमेकांत अडकवलेली असतात, त्यामुळं शेकडो बारीक फटींतून छप्परच श्वास घेतं. दौंडला गाडी बदलायला थांबावं लागतं तेव्हा जुन्या दगडाच्या सावलीत आणि नव्या पत्र्याच्या शेडखाली पाच-पाच मिनिटं उभं राहून बघावं. थर्मामीटर लागत नाही.

पत्र्याला नावं ठेवून थांबता येत नाही, कारण तो स्वस्त आहे, लवकर चढतो आणि खांबाशिवाय मोठी जागा देतो. त्याचं काय करायचं हेही शेतकऱ्याला माहीत आहे. उन्हाळ्यात गोठ्यावर आणि पोल्ट्रीवर तो उसाचं पाचट पसरतो. कार्यालयावर पाचट नको. वरातीतल्या फटाक्याची एक ठिणगी पुरेल. पण पांढरा रंग चालतो, चुनासुद्धा चालतो. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला आणि पुढं गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायचा कार्यक्रम त्यातूनच निघाला. आपल्याकडे पत्रा निळा किंवा लाल निवडतात, कारण फोटोत उठून दिसतो.

*

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजीचा कारखाना आहे, तिथं एसी बनतात. व्हर्लपूल आणि हायर यांचे फ्रीजही याच वसाहतीतले. देशभराला गारवा पुरवणारा तालुका आपल्या लग्नात घाम पुसतो, हा योगायोग गमतीचा आहे खरा, पण उत्तर एसीच आहे असं मला वाटत नाही. आपल्या त्या ६०० मीटरच्या हॉलला माणसांचे ३० टन, पत्र्याचे ३५ आणि बाहेरून घेतलेली तापलेली हवा थंड करायला ४० हून जास्त, असे एकूण शंभर टनांच्या पुढे जावं लागतं. घरचे दीड टनाचे सत्तर एसी. वर्षात तीस-चाळीस मुहूर्तांसाठी.

एसीचा जन्मही माणसासाठी झालेला नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरियरनं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवेतली ओल आवरणारं यंत्र आखलं, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकावर एक बसायचे नाहीत. सूतगिरण्यांनी हवेची काळजी घेतली ती सूत तुटू नये म्हणून. कांदा, कोंबडी, कागद, सूत. जिथं बिघाडाची किंमत संध्याकाळपर्यंत रुपयांत कळते, तिथं हवेचा अभियंता बोलावला जातो. वऱ्हाडी आपलं डोकं दुखणं आपापल्या घरी घेऊन जातो, मालकाच्या वहीत त्याची नोंद होत नाही. मला यात खलनायक कुणी दिसत नाही, पण हिशेबातली चूक नक्की दिसते.

आपल्या पट्ट्याला मिळालेलं एक देणं मात्र आपण नीट वापरत नाही, आणि ते म्हणजे कोरडेपणा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटर पाऊस, दौंडला पाचशेच्या आतबाहेर. एकच जिल्हा, दोन मुलूख. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २२-२३ अंश दाखवतो. चांगला कूलर त्याच हवेला २६-२७ पर्यंत आणू शकतो. याच यंत्राला जुलैत काही जमत नाही, पण जुलैत मुहूर्तही फारसे नसतात. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी ऊब शोषतं त्या हिशेबानं हजार माणसांची ऊब काढायला तासाला दीडशे लिटर पाणी लागतं. बाहेरची हवाही गार करायची म्हणून निदान दुप्पट धरा, तीनशे. टँकर येणाऱ्या गावात हे कानाला खटकेल. तरी चार तासांच्या लग्नात हात धुण्यातही पाणी काही कमी वाहत नाही.

मग जंबो कूलर लावूनही लग्नात चिकचिक का होते? कारण गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं लावून घेतात. कूलर हा एसी नव्हे. तो आत टाकेल तेवढी हवा पलीकडून बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर आतली ओल वाढते, घाम वाळत नाही आणि कूलर आपल्याच वाफेत फिरत राहतो. पोल्ट्रीत पॅड एका टोकाला आणि पंखे दुसऱ्या टोकाला असतात ते यासाठीच. कार्यालयातले कूलर बहुधा भिंतीला पाठ लावून, खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा घेत उभे असतात.

हे सगळं आता संगणकावर आधी बघता येतं. हॉलची पोकळी लाखो बारीक चौकटींत कापायची, प्रत्येक चौकटीत हवा किती आली, किती गेली, किती तापली याची समीकरणं सोडवायची. पत्र्याचं तापमान, माणसांची ऊब, दारातला वारा हे आपण सांगायचं; कुठं हवा साचते, कुठं वाहते हे पडद्यावर रंगांत उमटतं. ओपनफोम नावाची अशी प्रणाली २००४ पासून मोफत मिळते. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनी एक मंगल कार्यालय, एक एसटी स्थानक, एक दर्शनबारी प्रकल्प म्हणून घेतली तर तालुक्याला उपयोग होईल. त्यांनी एवढंच जपावं की पत्र्याचं तापमान पुस्तकातून न घेता शिडी लावून मोजावं. खोटा आकडा घातला तर संगणक खोटंच चित्र फार सुंदर काढतो. आणि संगणक नसेल तर अगरबत्तीचा जुडगा पेटवून हॉलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी धरावा. धूर सरळ वर जाऊन पत्र्याखाली लोळत राहिला तर आढं उघडायला हवं, एवढं निदान त्याच दिवशी होतं.

हॉल २४ अंशांवर न्यायची गरजही नाही. भारतातल्या माणसांना विचारून, कचेऱ्यांतून मोजून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं २०१४ मध्ये सोयीच्या तापमानाचं सूत्र मांडलं. ते पुढं राष्ट्रीय बांधकाम संहितेत गेलं. नैसर्गिक वाऱ्याच्या इमारतीत, बाहेरचं सरासरी तापमान ३१ अंश असताना आपल्या लोकांना आत साडेएकोणतीसच्या आसपास बरं वाटतं आणि बत्तिसापर्यंत बहुतेकांची तक्रार नसते. म्हणजे वऱ्हाडाची मागणी कांद्यापेक्षा फार वेगळी नाही.

पुढच्या मे महिन्यात शिरूर-दौंडकडच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर आत शिरल्यावर पंख्याखालची खुर्ची पकडायला धावू नका. आधी वर आढ्याकडे बघा. तिथून उजेडाची चीर दिसली तर कुठंही बसा. दिसली नाही तर पश्चिमेच्या दाराजवळची खुर्ची घ्या, आणि आहेराचं पाकीट देताना मालकाला विचारा, मागची कांदा चाळ कुणी बांधली.